ब्रिस्टलच्या मातीतली साखर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला एव्हन नदीकाठी ब्रिस्टल शहर आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे साखर शुद्ध करण्याचा धंदा सुरू झाला आणि अडीचशे वर्षांहून जास्त काळ चालला. आज त्यातलं जमिनीवर फार थोडं दिसतं. जमिनीखाली मात्र बरंच काही आहे, आणि ते पाहणाऱ्यांना तेच ते प्रश्न पडतात.

ब्रिस्टलमध्ये ऊस पिकत होता का?

नाही, तिथल्या थंडीत ऊस येणं शक्यच नव्हतं. घोळ होतो तो आपल्याकडच्या सवयीमुळे. महाराष्ट्रात साखर कारखाना म्हटलं की शिवारातला ऊस, बैलगाड्या, ट्रॅक्टर आणि गव्हाण डोळ्यांसमोर येते. तोडलेला ऊस पडून राहिला की उतारा घटतो, म्हणून गाळप उसाच्या शेजारीच करावं लागतं. ते काम कॅरिबियन बेटांवर होत असे. रस काढून, उकळून, दाणा धरलेली तपकिरी, ओलसर कच्ची साखर तिथे तयार व्हायची. तिला मस्कोव्हाडो म्हणत. ही साखर मोठमोठ्या लाकडी पिंपांत भरून जहाजाने इंग्लंडला यायची. ब्रिस्टलमध्ये व्हायचं ते पुढचं काम: ती विरघळवून, साफ करून, पुन्हा उकळून पांढरी करणं. या जागांना शुगर हाउस म्हणत, आणि तिथल्या मालकाला व कारागिराला शुगर बेकर.

गुऱ्हाळ पाहिलेल्या माणसाला यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल. काहील आहे, चुना आहे, मळी काढणं आहे, पाकाची तार बघणं आहे, शेवटी साच्यात ओतणंही आहे. फरक एवढाच की गुळात काकवी मुद्दाम राहू देतात, आणि इथे सगळा खटाटोप ती काढून टाकण्यासाठी.

साखर तर पाण्यात विरघळते. मग जमिनीत उरतं काय?

मातीची भांडी उरतात, आणि तीही फुटकी. पावसाळी, दमट शहराच्या जमिनीत साखरेचा दाणा शिल्लक राहत नाही. अशा जागी सापडतात ते लालसर भाजलेल्या मातीच्या जाड साच्यांचे आणि मडक्यांचे तुकडे, कोळशाची राख आणि खंगर, भट्ट्यांच्या विटांचे पाये, धुराचे मार्ग, विहिरी, टाक्या. यातली राख, विटा आणि विहिरी दारू गाळणाऱ्याच्या किंवा साबण करणाऱ्याच्या जागेतही सापडतील. ब्रिस्टलमध्ये हे दोन्ही धंदे होते. त्यामुळे "इथे साखर होत होती" असं ठामपणे म्हणायला साचेच लागतात.

हे साचे वापरायचे कसे?

इथे थोडं थांबून समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं याच एका भांड्यावर उभं आहे.

साचा म्हणजे मातीचा पोकळ सुळका. एका बाजूला रुंद तोंड, दुसऱ्या बाजूला टोक, आणि टोकाला एक भोक. लहान साचा फूटभर उंचीचा, मोठा त्याच्या दुपटीहून जास्त. वापरण्याआधी साचे पाण्यात भिजत घालत, म्हणजे साखर मातीला चिकटत नसे. टोकाचं भोक ओल्या चिंधीने किंवा कागदाने बंद करत आणि साचे टोक खाली करून रांगेने उभे करत.

दरम्यान तांब्याच्या काहिलीत कच्ची साखर चुन्याच्या निवळीत विरघळवलेली असे. तापत जाईल तशी मळी वर यायची, ती झाऱ्याने काढून टाकायची. मग लोकरीच्या जाड कापडातून रस गाळायचा आणि पुन्हा उकळायचा. पाक झाला की नाही हे अंगठा आणि बोट यांच्यामध्ये तार ओढून बघत. त्यानंतर तो थंड होत असताना ढवळून दाणा धरू द्यायचा आणि साच्यांत भरायचा. साच्यातही तो एकदोनदा ढवळावा लागे, नाहीतर दाणा सारखा बसत नसे.

साखर घट्ट झाली की भोकातली चिंधी काढून साचा एका मडक्याच्या तोंडावर ठेवत. दाण्यांमध्ये अडकलेली काकवी थेंब थेंब मडक्यात उतरे. नुसत्या निथळण्याने साखर पांढरी होत नाही, म्हणून रुंद तोंडावर पांढऱ्या मातीचा पातळ लगदा थापत. त्या लगद्यातलं पाणी हळूहळू खाली झिरपे आणि दाण्यांवरचा तपकिरी थर धुऊन नेई. लगदा वाळला की काढायचा, पुन्हा थापायचा. एका सुळक्याला असे काही आठवडे सहज लागत. शेवटी साचा उलटा आपटून सुळका बाहेर काढायचा, टोकाकडचा ओला, काळसर भाग तासून टाकायचा, गरम खोलीत वाळवायचा आणि निळ्या कागदात गुंडाळायचा. निळ्या कागदात साखर आहे त्याहून पांढरी दिसते हे दुकानदारांना चांगलं माहीत होतं.

मडक्यात जमलेली काकवी फेकत नसत. ती पुन्हा उकळून हलक्या प्रतीची साखर काढत. त्यातून उरलेली तशीच विकली जाई किंवा दारूच्या भट्टीकडे जाई. सर्वांत शुभ्र साखर लहान सुळक्यांची असे आणि मोठे सुळके भरड मालाचे. म्हणून सापडलेल्या साच्याच्या तोंडाचा व्यास मोजला की तिथे कोणत्या प्रतीचा माल होत होता याचा अंदाज बांधता येतो.

साखर साफ करायला बैलाचं रक्त वापरत हे खरं आहे का?

खरं आहे. रक्तातला प्रथिनांचा भाग उष्णतेने साकळतो आणि रसातला बारीक गाळ धरून वर येतो, मग तो मळीबरोबर काढून टाकता येतो. अंड्याचा पांढरा भागही हेच काम करतो, पण तो महाग. खाटिकखान्यातून रक्त स्वस्तात मिळे. शुगर हाउसच्या शेजाऱ्यांचे काय हाल होत असतील याची कल्पना करा: उकळती काकवी, कोळशाचा धूर आणि वर हे.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हाडांचा कोळसा आला. हाडं बंद भट्टीत जाळून केलेली ही काळी भरड रसातला रंग शोषून घेते. त्यामुळे उत्खननात अशा भरडीचा थर लागला तर तो उशिराच्या काळातला समजायचा. ब्रिस्टलचं पहिलं शुगर हाउस चालवणारा रॉबर्ट ऑल्डवर्थ सतराव्या शतकातला, त्याच्या काळात तो सापडणार नाही.

साच्याचा तुकडा ओळखायचा कसा?

नवखा माणूस त्याला हमखास कौल किंवा कुंडी समजतो. जुन्या उत्खननांतही असे तुकडे कौलांच्या ढिगात गेले असतील असा माझा संशय आहे.

तुकडा हातात घेतल्यावर आधी वक्रता बघावी. सुळक्याची भिंत एका बाजूला निमुळती होत जाते, कौल तसं नसतं. आतली बाजू गुळगुळीत हवी, कारण खडबडीत मातीत साखर अडकते आणि सुळका निघत नाही. काही साच्यांना आतून पांढऱ्या मातीचा पातळ हात दिलेला असतो. काचेसारखा चकाकता लेप मात्र नसतो. बाहेरची बाजू कशीही असली तरी चालते. तिथे कुंभाराच्या बोटांच्या रेषा दिसतात. तोंडाची कड जाड असते. टोकाचा तुकडा मिळाला तर प्रश्नच मिटला, कारण भोक असलेलं, आतून निमुळतं होत गेलेलं असं टोक दुसऱ्या कोणत्या भांड्याला सहसा नसतं. नशिबाने टोक जाड असतं, म्हणून ते टिकतंही.

काकवीची मडकी वेगळी. त्यांना आतून बहुतेक वेळा लेप असतो, नाहीतर काकवी मातीत मुरून वाया जाईल. वर साचा ठेवायचा असल्याने त्यांची कड भक्कम असते. साचे आणि मडकी एकाच ठिकाणी मोठ्या संख्येने मिळाली, तर ते शुगर हाउस किंवा त्याचा कचरा. एखादा सुटा तुकडा मात्र काहीच सिद्ध करत नाही. फुटके साचे भिंतीत भरायला, जमीन सपाट करायला, खड्डे बुजवायला वापरत, आणि असा भराव गाडीत घालून शहराच्या दुसऱ्या टोकाला नेत.

ब्रिस्टलमधलं पहिलं शुगर हाउस कोणाचं?

रॉबर्ट ऑल्डवर्थ या व्यापाऱ्याचं. १६०९ मध्ये तो शहराचा महापौर होता. सेंट पीटर चर्चच्या मागे, नदीच्या अंगाला, नॉर्टन घराण्याचा जुना वाडा होता. तो ऑल्डवर्थने घेतला, त्याचा दर्शनी भाग नव्याने सजवला आणि १६१२ च्या सुमारास तिथेच साखर शुद्ध करायला सुरुवात केली. राहतं घर आणि कारखाना एकाच आवारात.

पुढे या वास्तूचं जे झालं ते पुराणवस्तू शोधणाऱ्याच्या दृष्टीने फार त्रासदायक आहे. १६९६ मध्ये देशभरातली चांदीची नाणी नव्याने पाडायची ठरली तेव्हा इथे टांकसाळ बसली. १६९८ मध्ये गरिबांच्या देखभालीसाठी स्थापन झालेल्या मंडळाने ती विकत घेतली आणि तिचं सेंट पीटर्स हॉस्पिटल झालं. नावात हॉस्पिटल असलं तरी ते मुख्यतः अनाथ, वृद्ध आणि निराधारांना ठेवण्याची जागा होती. दरवेळी आत तोडफोड आणि नवं बांधकाम. शेवटी २४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी शहरावर बाँब टाकले, त्यात ही सुंदर लाकडी नक्षीची इमारत जळून गेली. चर्चच्या नुसत्या भिंती उरल्या. आज ती जागा कॅसल पार्कमध्ये आहे. चर्चच्या भिंती स्मारक म्हणून राखल्या आहेत आणि शेजारी हिरवळ आहे.

तेव्हा कॅरिबियनमध्ये इंग्रजांचे मळे होते का? नसतील तर साखर कुठून येत होती?

नव्हते. बार्बाडोसमध्ये उसाचा जोर सुरू झाला तो १६४० नंतर. त्याआधीची कच्ची साखर पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या अटलांटिक बेटांवरून आणि ब्राझीलमधून येत होती. व्यापाराने येई तशी लुटीनेही येई. १५८५ ते १६०४ या काळात स्पेनशी युद्ध चाललं होतं, आणि पोर्तुगालचा मुकुट तेव्हा स्पेनच्याच राजाकडे होता. इंग्रज खासगी लढाऊ जहाजांनी त्या वर्षांत ब्राझीलची साखर घेऊन येणारी कितीतरी जहाजं पकडली.

साचेही ब्रिस्टलमध्ये शोधलेले नाहीत. सायप्रसमध्ये आणि जॉर्डनच्या खोऱ्यात मध्ययुगातल्या साखरेच्या जागी असेच सुळके ढिगांनी सापडले आहेत. तिथून ही पद्धत पश्चिमेकडे सरकत अटलांटिकमधल्या मदेरा बेटावर आली, अँटवर्प आणि ॲमस्टरडॅमला गेली आणि मग इंग्लंडला पोहोचली.

म्हणजे ब्रिस्टल इंग्लंडमधलं पहिलं नव्हे?

नव्हे, लंडनमध्ये १५४० च्या दशकातच हा धंदा सुरू झाला होता.

ऑल्डवर्थनंतरची ठिकाणं कोणती?

सर्वांत गमतीचा इतिहास ग्रेट हाउसचा आहे. सेंट ऑगस्टिन्स बॅक या भागात कार्मेलाइट साधूंचा मठ होता. आठव्या हेन्रीच्या काळात मठ बंद पडले. १५६८ च्या सुमारास सर जॉन यंग याने त्या जागेवर मोठा प्रासाद बांधला, आणि १५७४ मध्ये पहिली एलिझाबेथ राणी तिथे उतरली होती. ऐंशी वर्षांनी त्याच प्रासादात साखरेच्या काहिली लागल्या: १६५४ ते १६७९ जॉन नाइट हा साखर-व्यापारी तिथे धंदा करत होता. नंतर ती वास्तू एडवर्ड कोल्स्टनने आपल्या शाळेसाठी घेतली आणि १७१० मध्ये शाळा सुरू झाली. एकोणिसाव्या शतकात प्रासाद पाडला गेला. १८६७ मध्ये त्या जागी कोल्स्टन हॉल हे संगीतगृह उघडलं, त्याचंच २०२० मध्ये नाव बदलून ब्रिस्टल बीकन झालं.

मठ, प्रासाद, साखर, शाळा, संगीत, सगळं एकाच जागी. अशा ठिकाणी खोदताना साखरेच्या पंचवीस वर्षांचा थर स्वतंत्र सापडावा ही अपेक्षाच चुकीची. सापडलं तर भरावात मिसळलेले तुकडे सापडणार.

सेंट जेम्स भागातलं व्हिटसन कोर्ट त्या मानाने दीर्घायुषी. तिथे १६६५ ते १८२४ साखर होत होती. लुइन्स मीडमध्ये अठराव्या शतकातलं शुगर हाउस अजून उभं आहे, हल्ली तिथे हॉटेल आहे. अठराव्या शतकाच्या मध्यावर शहरात अशी वीसेक शुगर हाउस चालू होती. प्रत्येकाची माहिती इथे देत बसत नाही.

ब्रिस्टलच का?

बंदर पश्चिमेकडे तोंड करून आहे, अटलांटिककडे सरळ वाट. पण लोकांच्या लक्षात न येणारं कारण म्हणजे कोळसा. शहराच्या पूर्वेला किंग्जवुडच्या खाणी होत्या, त्यामुळे दिवसरात्र भट्टी पेटती ठेवणं परवडे. कुंभार शहरात आणि आसपास होतेच, पाणी होतं, आणि सेव्हर्न नदीतून माल आत मिडलंड्सपर्यंत नेता येई.

कच्ची साखर जिथे व्हायची तिथेच शुद्ध का करत नसत?

तंत्राची अडचण नव्हती. मातीचा लगदा थापून साखर उजळ करणं बार्बाडोसमध्ये जमत होतं आणि काही मळेवाले ते करतही होते. अडचण कराची होती. शुद्ध साखर इंग्लंडमध्ये आणताना कच्च्या साखरेपेक्षा कितीतरी जास्त जकात भरावी लागे, आणि हे मुद्दाम केलेलं होतं. शुद्धीकरणातला नफा मायदेशातच राहावा, जहाजांना वजनदार कच्चा माल वाहायला मिळावा, असा हिशेब. म्हणजे ब्रिस्टलच्या जमिनीत साच्यांचे जे थर सापडतात, त्यांचं मूळ जितकं हवामानात आहे तितकंच संसदेच्या जकात-कायद्यांत आहे.

गुलामगिरीच्या खुणा या अवशेषांत दिसतात का?

थेट दिसत नाहीत, आणि म्हणूनच हा प्रश्न विचारायला हवा.

ब्रिस्टलच्या शुगर हाउसमध्ये काम करणारे मजूर पगारी होते. ऊस लावणं, तोडणं, चरकात घालणं, रात्रभर काहिलीपुढे उभं राहणं हे सगळं आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांनी बार्बाडोस, नेव्हिस, जमैका इथे केलं. १६९८ मध्ये गुलामांच्या व्यापारातली रॉयल आफ्रिकन कंपनीची मक्तेदारी संपली आणि ब्रिस्टलचे व्यापारी या धंद्यात उघडपणे उतरले. १८०७ मध्ये व्यापारावर बंदी येईपर्यंत ब्रिस्टलहून दोन हजारांवर सफरी निघाल्या आणि सुमारे पाच लाख माणसं त्या जहाजांतून नेली गेली. वर उल्लेख केलेला कोल्स्टन हा त्या रॉयल आफ्रिकन कंपनीचा पदाधिकारी होता आणि सेंट पीटरच्या शुगर हाउसमध्ये भागीदारही होता. त्याचा पुतळा ७ जून २०२० रोजी निदर्शकांनी खाली ओढून बंदरात टाकला.

लाल मातीचा तुकडा यातलं काहीच सांगत नाही. तो स्थानिक कुंभाराने केला, स्थानिक मजुराने धुतला, स्थानिक गाडीवानाने फेकला. संग्रहालयात फक्त साचा मांडून खाली "साखर उद्योग" अशी पाटी लावली, तर बघणाऱ्याला वाटावं की हा एक साधासुधा कारागिरीचा धंदा होता. पहिल्या अर्ध्या प्रक्रियेचे अवशेष चार हजार मैलांवर आहेत: पवनचक्क्यांचे बुंधे, काहिलींच्या रांगा, गुलामांच्या वस्त्या आणि दफनभूमी. दोन्हीकडचं एकत्र वाचल्याशिवाय ब्रिस्टलचा थर अर्धवटच राहतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

इमारतीचे अवशेष ओळखता येतात का?

अठराव्या शतकात मुद्दाम बांधलेली शुगर हाउस ओळखता येतात. ती उंच असत, मजले पुष्कळ आणि बुटके, कारण साचे हजारोंनी उभे करून ठेवायला जागा लागे. खालच्या मजल्यावर भट्ट्या आणि काहिली, वर निथळण्याच्या खोल्या, आणि वाळवण्यासाठी गरम ठेवलेली एक उंच खोली. खोदताना भट्टीचे गोल पाये, राखेचे खड्डे आणि जाड भिंती लागतात. जळाल्याच्या खुणाही लागतात. लाकडी तक्तपोशी, सतत गरम हवा आणि पेट घेणारी साखर, म्हणजे आग लागायची ती लागायचीच. विमा कंपन्या या धंद्याकडे संशयानेच बघत.

त्याआधीच्या शतकातली गोष्ट उलटी. ऑल्डवर्थ आणि नाइट यांनी जुन्या वाड्यांत धंदा थाटला. आराखड्यावरून ते घरच दिसतं. सुरुवातीची शुगर हाउस शोधायला आराखडा कामाचा नाही, तिथे फुटक्या साच्यांवरच भिस्त ठेवावी लागते.

कागदपत्रं आहेत, मग खोदायचं कशाला?

ब्रिस्टलच्या बाबतीत कागदच वरचढ आहेत हे आधी मान्य करू. आय. व्ही. हॉल या अभ्यासकाने १९४० च्या दशकात खरेदीखतं, मृत्युपत्रं, भागीदारीचे करार वाचून एकेका शुगर हाउसचा इतिहास लावला. मालक कोण, वर्ष कोणतं, भाडं किती हे उत्खननातून कधीच कळलं नसतं. जेम्स मिलर्डचा १६७३ चा नकाशा रस्तान्‌रस्ता दाखवतो, आणि जॉन रॉकचा अठराव्या शतकाच्या मध्याचा नकाशाही मदतीला आहे.

पण करारात साचा किती मोठा होता हे नसतं. तो कोणत्या कुंभाराच्या मातीचा, तुटल्यावर तारेने किंवा लाकडी पट्ट्यांनी बांधून पुन्हा वापरला का, कचरा नदीत टाकला की शेजाऱ्याच्या परसात, भट्टी किती वेळा फोडून नव्याने बांधली, हे जमीनच सांगते. आणि मालकाने कागदावर जे लिहायचं टाळलं तेही कधीकधी तिथे सापडतं.

याकडे इतक्या उशिरा लक्ष का गेलं?

रोमन फरशी किंवा मध्ययुगीन किल्ला गाठायच्या घाईत सतराव्या-अठराव्या शतकाचे थर बरीच वर्षं यंत्राने खरवडून फेकले जात. ब्रिस्टलमध्ये किल्ला होताच, त्यामुळे मोहही होता. मध्ययुगानंतरच्या पुरातत्त्वाची संस्था इंग्लंडमध्ये १९६६ मध्ये स्थापन झाली, तेव्हापासून दृष्टी बदलू लागली. १९९० मध्ये सरकारने नियम घातला की शहरात नवं बांधकाम करणाऱ्याने आधी जमिनीतल्या अवशेषांची तपासणी करून घ्यावी. त्यानंतर खर्च बिल्डरच्या खिशातून होऊ लागला आणि साच्यांचे तुकडेही मोजले जाऊ लागले.

हा धंदा बंद कसा पडला?

आधी साचे गेले, मग धंदा. १८१३ मध्ये एडवर्ड चार्ल्स हॉवर्ड याने कमी दाबाखाली, कमी उष्णतेवर पाक उकळण्याचं बंद भांडं आणलं. त्यात साखर करपत नाही. पुढे गरगर फिरून काकवी फेकणारी यंत्रं आली. आठवडेच्या आठवडे निथळणं काही मिनिटांवर आलं आणि मातीच्या सुळक्याची गरज संपली.

ब्रिस्टलमधला शेवटचा मोठा कारखानदार कॉनरॅड फिन्झेल, मूळचा जर्मन. काउंटरस्लिप इथला त्याचा कारखाना १८४६ मध्ये जळला, त्याने तो पुन्हा उभारला आणि देशातल्या मोठ्या कारखान्यांत त्याची गणना होऊ लागली. पण युरोपातली सरकारं बिटाच्या साखरेला अनुदान देत होती, आणि १८७४ मध्ये ब्रिटनने साखरेवरची जकात उठवली. स्वस्त साखर बाहेरून येऊ लागली. १८८१ मध्ये फिन्झेलचा कारखाना बंद झाला.

भारताशी याचा काही संबंध आहे का?

उसापासून दाणेदार साखर करणं भारतात सुरू झालं आणि तिथून पश्चिमेकडे गेलं, हे सर्वांना माहीत आहे. दुसरा धागा कमी माहितीचा आहे. १७९१ पासून इंग्लंडमध्ये हजारो कुटुंबांनी कॅरिबियन साखरेवर बहिष्कार घातला, आणि पुढे "ईस्ट इंडियाची साखर, गुलामांनी न केलेली" असं लिहिलेली साखरदाणी घरात मिरवण्याची पद्धत पडली. भारतातले शेतकरी आणि मजूर तेव्हा सुखात होते असा त्याचा अर्थ कोणी काढू नये.

तिसरा धागा एका माणसाचा. राजा राममोहन रॉय सप्टेंबर १८३३ मध्ये ब्रिस्टलला आले आणि लुइन्स मीडच्या युनिटेरियन (एकेश्वरवादी ख्रिस्ती) प्रार्थनागृहात उपासनेला बसले. त्याच रस्त्यावर शुगर हाउस उभं होतं. ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी रद्द करणाऱ्या कायद्याला आदल्याच महिन्यात मंजुरी मिळाली होती. २७ सप्टेंबरला रॉय यांचं ब्रिस्टलजवळच्या स्टेपलटनमध्ये निधन झालं.

ब्रिस्टलला गेलो तर काय पाहावं?

कॅसल पार्कमधून सुरुवात करा. सेंट पीटर चर्चच्या मागे जाऊन नदीकडे तोंड करून उभं राहिलात की ऑल्डवर्थच्या वाड्याची जागा पायाखाली. तिथून लुइन्स मीड चालत जाता येतं. जुन्या शुगर हाउसच्या भिंती बाहेरून बघायला पैसे पडत नाहीत. पुढे ब्रिस्टल बीकन. ग्रेट हाउसचा आता मागमूस नाही, पण त्याच्या बागेतलं छोटं घर, रेड लॉज, टेकडीवर अजून आहे आणि त्यात संग्रहालय आहे. ग्रेट जॉर्ज स्ट्रीटवरचं जॉर्जियन हाउस नेव्हिसमधल्या मळ्याचा मालक जॉन पिनी याचं. त्याने बरोबर आणलेला गुलाम पेरो तिथेच राबला; बंदरावरच्या १९९९ च्या पुलाला पेरोचं नाव आहे. बंदराकाठच्या एम शेड संग्रहालयात शहराच्या गुलाम-व्यापाराचं दालन आहे आणि तो कोल्स्टनचा पुतळाही. कॉलेज ग्रीनवर राममोहन रॉय यांचा पुतळा दिसेल.

वेळ कमी असेल तर जॉर्जियन हाउस चुकवू नका. बाकीच्या ठिकाणी कल्पना करावी लागते, इथे साखरेच्या पैशाने कसं घर उभं राहतं ते समोर दिसतं.

घरबसल्या बघायचं असेल तर ब्रिस्टल महापालिकेचं "नो युअर प्लेस" हे संकेतस्थळ उघडा. जुने नकाशे आजच्या नकाशावर सरकवून बघता येतात आणि कुठे काय सापडलं याच्या नोंदीही त्यावर आहेत.

नदीकाठी साच्याचा तुकडा सापडला तर?

हात लावण्याआधी जागेचा फोटो काढा आणि ठिकाण नकाशावर टिपून ठेवा. खोदू नका, कॅसल पार्कचा काही भाग संरक्षित आहे आणि परवानगीशिवाय तिथे खणणं गुन्हा ठरतो. वर पडलेला तुकडा असेल तर शहराच्या संग्रहालयात किंवा सर्वसामान्यांना सापडलेल्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या राष्ट्रीय योजनेच्या स्थानिक अधिकाऱ्याकडे दाखवा. पैशांत त्याची किंमत जवळपास शून्य आहे. टोकाचा, भोक असलेला तुकडा असेल तर मात्र तो अधिकारी खूश होईल.